इंग्लंडमध्ये डे सेंटरला जायची कौन्सिलची गाडी: कशी मागायची आणि लोकांचं नेमकं कुठे चुकतं

डे सेंटर म्हणजे म्हातारी किंवा अपंग माणसं दिवसभरासाठी जातात ती जागा, आणि तिथे न्यायला कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, गाडी असते. सारखा एकच प्रश्न येतो माझ्याकडे, "आईंना डे सेंटर मिळालं पण गाडी देत नाही म्हणाले, आता काय करू?" मी विचारते, गाडी मागितली कशी? तर उत्तर ठरलेलं, कौन्सिलच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसला फोन केला. आणि सगळं तिथेच बिघडतं. कारण ट्रान्सपोर्ट ऑफिसवाले फक्त गाड्या फिरवतात, गाडी कुणाला द्यायची हे ते ठरवत नाहीत. ते ठरतं केअर प्लॅनमध्ये, म्हणजे कौन्सिल माणसाला काय काय मदत देणार ते लिहिलेल्या कागदात. गाडी हा वेगळा अर्ज नाहीये, ती माणसाच्या गरजेचा एक भाग म्हणून कागदावर आली पाहिजे, आणि त्या कागदावर यायच्या आधी जे चार-पाच टप्पे आहेत तिथे आपण काय बोलतो, काय लिहितो त्यावर सगळं अवलंबून असतं.

माझ्या सासऱ्यांसाठी (आम्ही त्यांना बाबाच म्हणतो) मी हे सगळं केलंय, पहिल्यांदा चुकीचं आणि दुसऱ्यांदा बरोबर, मध्ये सात महिने गेले आणि ते सात महिने बाबा खिडकीत बसून होते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे. आणि हे १८ वर्षांवरच्या माणसांसाठी, म्हणजे म्हातारे आईवडील, किंवा अपंगत्व असलेला मोठा मुलगा, बहीण, कोणीही. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटची गाडी हा वेगळा विषय, ती एनएचएसकडून (सरकारी आरोग्यसेवेकडून) येते, इथे मिसळू नका.

टप्पा १: दोन आठवडे वही लिहा

कुणालाही फोन करायच्या आधी हे करा. साधी वही घ्या आणि माणूस घराबाहेर पडतो (किंवा पडूच शकत नाही) तेव्हा काय होतं ते रोज लिहा, मिनिटांसकट. "बाबांना चालायला त्रास होतो" असं लिहून काही उपयोग नाही, तसं सगळेच लिहितात.

माझ्या वहीतलं एक पान असं होतं: "सोमवार. घर ते बसस्टॉप मला ४ मिनिटं लागतात, बाबांना २२. मध्ये दोनदा शेजाऱ्यांच्या कुंपणाला धरून उभे राहिले. बस आली, ड्रायव्हरने रॅम्प काढला, बाबांचा डावा पाय उचललाच गेला नाही, मागे लोक थांबलेले, बाबा घाबरले. परत आलो. घरी आल्यावर दीड तास झोपले, जेवले नाहीत."

एवढं का? कारण २०१४ च्या केअर ॲक्टखालच्या नियमांत "जमत नाही" याचा अर्थ फक्त अजिबात जमत नाही एवढाच नाही. मदतीशिवाय जमत नाही, जमतं पण खूप वेदना किंवा घाबरणं होतं, जमतं पण जिवाला धोका असतो, जमतं पण नेहमीपेक्षा खूपच जास्त वेळ लागतो, हे सगळं "जमत नाही" मध्येच धरतात. वरचं पान परत वाचा, ४ मिनिटांची २२ झाली, मदत लागली, घाबरले, पडायची भीती होती. चारही गोष्टी एकाच सोमवारी.

स्मृतिभ्रंश असेल तर चालणं ठणठणीत असूनही गरज असते. रस्ता चुकणं, चुकीच्या स्टॉपला उतरणं, अनोळखी माणसाबरोबर निघून जाणं, हे तारखेसकट लिहा.

वहीबरोबर हे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा: मिळणाऱ्या बेनिफिटची (सरकारी भत्त्याची) पत्रं, जीपीचं (आपल्या नेहमीच्या डॉक्टरचं) किंवा हॉस्पिटलचं निदान लिहिलेलं पत्र, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामं कितपत जमतात ते बघणाऱ्याचा) रिपोर्ट असेल तर तो, आणि व्हीलचेअर असेल तर तिचं मॉडेल, वजन, रुंदी.

तपासा: म्हाताऱ्यांचा किंवा अपंगांचा फुकट बस पास आहे म्हणून गाडी नाकारतील असं वाटत असेल तर पासची वेळ बघा. देशभराच्या नियमाने हा पास सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० नंतर चालतो, काही कौन्सिल वेळ वाढवून देतात. सेंटर ९:३० ला उघडत असेल तर वेळेचा हा गोंधळ वहीत लिहून ठेवा.

टप्पा २: असेसमेंट लेखी मागा

कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरला (मोठ्या माणसांच्या मदतीचा विभाग) ईमेल करा. चारच ओळी: माणसाचं नाव आणि पत्ता, काय आजार किंवा अपंगत्व आहे, केअर ॲक्टच्या कलम ९ खाली नीड्स असेसमेंट (माणसाच्या गरजांची तपासणी) हवं आहे, आणि सांभाळणारी मी आहे तर कलम १० खाली माझं केअरर्स असेसमेंटही (सांभाळणाऱ्याच्या गरजांची तपासणी) हवं आहे. गाडीचं नाव इथे काढूच नका. काढलंत तर ईमेल थेट ट्रान्सपोर्टकडे जाईल आणि तिथून "आमच्याकडे अर्ज नाही" असं उत्तर येईल, माझं पहिल्यांदा अगदी हेच झालं.

फोनवर कोणी म्हणालं की तुमच्याकडे बचत आहे म्हणून असेसमेंट होणार नाही, तर ते चूक आहे. गरज असल्याचं दिसलं की असेसमेंट करायलाच लागतं, पैशांचा विचार नंतर. बरेच लोक या एका वाक्यावर फोन ठेवून देतात आणि परत करतच नाहीत.

त्याच ईमेलमध्ये दुभाष्या मागा. बाबांना कामापुरतं इंग्लिश येतं, पण बाथरूमला जाताना काय होतं, रात्री कशाची भीती वाटते, हे माणूस मराठीतच सांगतो. मुलाने किंवा सुनेने भाषांतर करायचं म्हटलं की बाबा अर्ध्या गोष्टी गिळतात आणि आपण उरलेल्या अर्ध्या सौम्य करून सांगतो. मराठी दुभाष्या नाही मिळाला आणि हिंदी चालत असेल तर तसं कळवा, पण "गुजराती चालेल ना" असं कोणी म्हटलं तर भिडेखातर हो म्हणून टाकू नका. आणि ज्यांना हे सगळं समजून सांगायला जवळचं कोणीच नाही, बोलायलाही जड जातं, त्यांच्यासाठी कौन्सिलने स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, त्यांच्या वतीने बोलणारा माणूस) द्यायचा असतो, तोही मागा.

थांबा: आईवडील भारतातून डिपेंडंट व्हिसावर आले असतील, तर केअर ॲक्टची मदत इमिग्रेशनच्या "पब्लिक फंड्स" (अशा व्हिसावर घ्यायला मनाई असलेली सरकारी मदत) यादीत येत नाही, म्हणून असेसमेंट मागायला घाबरू नका. पण अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयानंतरचा आजारपणाचा भत्ता) आणि पीआयपी (त्या वयाआधी सुरू होणारा अपंगत्वाचा भत्ता) त्या यादीत आहेत. त्यांचा अर्ज करायच्या आधी रजिस्टर्ड इमिग्रेशन सल्लागाराला व्हिसाची कागदपत्रं दाखवा, ओळखीतल्या कोणाच्या अनुभवावर जाऊ नका.

टप्पा ३: असेसमेंटचा दिवस, आणि "आम्ही सोडतो ना"

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते.

सोशल वर्कर घरी येणार म्हटलं की आपण काय करतो? हॉल आवरतो, बाबांची दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालतो, चहा-बिस्किटं मांडतो, आणि बाबा खुर्चीत ताठ बसून हसत म्हणतात, "आय ॲम फाइन, माय सन अँड डॉटर-इन-लॉ लुक आफ्टर मी व्हेरी वेल." ती बाई विचारते, बाहेर जायचं असेल तर? आणि आपण पटकन म्हणतो, "आम्ही सोडतो ना, काही प्रॉब्लेम नाही." परक्या माणसासमोर घरच्यांचं ओझं वाटतं असं कसं म्हणायचं, म्हणून. ते वाक्य कागदावर "कुटुंब वाहतुकीची सोय करतं" असं होऊन बसतं आणि गाडीचा विषय तिथेच संपतो. आमचा असाच संपला. मी तेव्हा आठवड्यातून दोन दिवस कामावरून सुट्टी काढून सोडणार होते, खरंच सोडणार होते, पण तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरने बोलावून विचारलं तेव्हा कळलं काय बोलून बसलोय.

नियम असा आहे की माणसाची गरज ठरवताना घरचे काय करतात ते आधी बाजूला ठेवायचं असतं. म्हणजे घरात कोणीच नसतं तर यांना काय लागलं असतं, ते पूर्ण लिहायचं. घरचे त्यातलं काय करायला तयार आहेत आणि त्यांना काय झेपतं हा प्रश्न त्यानंतर. आणि तयार नसणं हा गुन्हा नाही, तुम्ही "नाही" म्हणू शकता.

मग बोलायचं कसं? मी दुसऱ्यांदा असं म्हटलं: "मी सध्या सोडते, पण ते मला झेपत नाहीये. मंगळवार आणि गुरुवारी मी ८ वाजता कामाला निघते, नवरा त्याच्या आधी. घरी दुसरं कोणी गाडी चालवणारं नाही. हे मी कायमचं करू शकत नाही." एवढंच. रडगाणं नाही, वाद नाही. आणि तेच वाक्य माझ्या केअरर्स असेसमेंटमध्ये परत सांगितलं, म्हणजे दोन्ही कागद जुळतात.

बाबांना आदल्या दिवशी समजावून सांगा की उद्या येणारी बाई पाहुणी नाहीये, तिला चांगला दिवस नाही तर वाईट दिवस सांगायचाय. आमचे बाबा यावर दुखावले होते. त्यांना वाटलं मी त्यांना भीक मागायला लावतेय. मी वही त्यांच्या हातात दिली, त्यांनी सगळी वाचली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, बसचं मी सांगतो.

असेसमेंटच्या नियमांत रोजच्या जगण्याच्या १० गोष्टी आहेत, त्यातल्या दोन किंवा जास्त आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल तर माणूस पात्र ठरतो. गाडीसाठी त्यातली एक फार महत्त्वाची: परिसरातल्या सोयीसुविधा वापरता येणं, आणि त्यात सार्वजनिक वाहतूक स्पष्ट लिहिलेली आहे. दुसरी म्हणजे घरच्यांशी आणि इतरांशी नाती टिकवता येणं. वहीतल्या नोंदी या दोन मथळ्यांखाली वाचून दाखवा.

तपासा: असेसमेंटची लेखी प्रत मागून घ्या आणि त्यात "फॅमिली प्रोव्हाइड्स ट्रान्सपोर्ट" असं काही आलंय का बघा. आलं असेल तर त्याच आठवड्यात ईमेल करून दुरुस्ती मागा. नंतर तेच वाक्य तुमच्यासमोर परत येतं.

टप्पा ४: कुठलं सेंटर, ते गाडीच्या आधी ठरवा

बहुतेक कौन्सिलच्या पॉलिसीत असतं की गाडी फक्त "जवळच्या योग्य" सेंटरपर्यंत. आपले लोक जवळचं या शब्दावर अडकतात, भांडायचं असतं योग्य या शब्दावर.

समजा घरापासून दीड मैलावर एक सेंटर आहे आणि पाच मैलांवर आशियाई ज्येष्ठांचं दुसरं. तुम्ही म्हणालात "आम्हाला दुसरं आवडतं", तर ती तुमची आवड झाली, गाडीचा खर्च तुमचा. पण तुम्ही दाखवलंत की पहिल्या ठिकाणी शाकाहारी जेवण म्हणजे रोज चीज सँडविच, स्टाफमध्ये मराठी-हिंदी समजणारं कोणी नाही, स्ट्रोकनंतर बाबांचं इंग्लिश जवळजवळ गेलंय आणि ते तिथे सहा तास गप्प बसून राहतील, तर मग ते सेंटर जवळचं असलं तरी योग्य नाही. एकटेपणा कमी व्हावा म्हणून पाठवायचं आणि तिथे बोलायलाच कोणी नाही, याला अर्थ काय?

त्यासाठी दोन्ही सेंटरला एकेक दिवस जाऊन या. काय खाल्लं, किती बोलले, टॉयलेटला कोणी नेलं, लिहून ठेवा.

टप्पा ५: मोबिलिटीचे पैसे आणि दारातली कार

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

पीआयपीमध्ये मोबिलिटीचा वेगळा भाग असतो. अनेक कौन्सिल म्हणतात की तो मिळतो किंवा मोटॅबिलिटीची कार (त्याच पैशांवर भाड्याने मिळणारी) आहे तर त्यातूनच जा. पण अटेंडन्स अलाउन्समध्ये मोबिलिटीचा भाग नसतोच. पेन्शनचं वय झाल्यावर आजारी पडलेल्या बहुतेकांना हाच अलाउन्स मिळतो. तरी फॉर्मवर "बेनिफिट मिळतं का, हो" एवढ्यावर गाडी नाकारल्याचं मी स्वतः पाहिलंय, आमच्याच बाबतीत. एका ओळीत उत्तर द्या: अटेंडन्स अलाउन्स मिळतो, त्यात मोबिलिटीसाठी काही नाही. (ज्यांना पेन्शनच्या वयाआधीपासून पीआयपी आहे त्यांचा मोबिलिटीचा भाग पुढेही चालू राहू शकतो, तेव्हा पत्र बघूनच बोला.)

मोटॅबिलिटीची कार असेल तर विचारतील, मग गाडी कशाला? उत्तर असं द्या की कार आहे, पण चालवायला कोण, कुठल्या दिवशी, किती वाजता. समजा दादा चालवतो आणि दादा सकाळी ६ ते २ शिफ्टला असतो, तर सेंटरच्या वेळेला ती कार घरी नाहीच किंवा घरी असून उपयोग नाही. शिफ्टचं पत्रक जोडा.

टप्पा ६: केअर प्लॅनमधले शब्द

असेसमेंट पास झालं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि प्लॅन न वाचता सही करतात. प्लॅनमध्ये नुसतं "डे सेंटर, आठवड्यातून २ दिवस" असेल तर गाडी मिळालेली नाही. प्लॅनचा मसुदा मागा आणि यातलं प्रत्येक आहे का बघा:

कुठले वार, आणि जाणं-येणं दोन्ही. व्हीलचेअर मागून वर चढवायची टेल लिफ्ट असलेली गाडी हवी का. गाडीत ड्रायव्हरशिवाय एस्कॉर्ट (सोबतीचा मदतनीस) हवा का. घराच्या दारापासून सेंटरच्या दारापर्यंत हात धरून न्यायचंय की फुटपाथपाशी थांबलं तरी चालेल. आणि परत आल्यावर घरात कोण असेल.

दार की फुटपाथ, हा फरक किरकोळ वाटतो. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. प्लॅनमध्ये ते नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी ड्रायव्हर गेटपाशी थांबून हॉर्न वाजवत राहिला, त्याचीही चूक नव्हती, त्याच्या कागदावर पायऱ्यांचं काही लिहिलेलंच नव्हतं. बाबा कोट-मफलर घालून दारात उभे, मी कामावर, शेवटी गाडी निघून गेली.

कौन्सिलच्या गाडीऐवजी डायरेक्ट पेमेंट घेता येतं, म्हणजे पैसे तुमच्याकडे येतात आणि तुम्ही टॅक्सी किंवा कम्युनिटी ट्रान्सपोर्ट ठरवता. घ्यायच्या आधी दोन टॅक्सीवाल्यांकडून व्हीलचेअरसकट, वेटिंगसकट, दोन्ही वेळचा भाव लेखी घ्या. दिलेल्या रकमेत गरज खरंच भागली पाहिजे, नाही भागत तर रक्कम वाढवून मागा, कमी रक्कम घेऊन मग पदरचे पैसे घालत बसू नका.

टप्पा ७: पैसे

आर्थिक तपासणीत बचत आणि मालमत्ता २३,२५० पौंडांच्या वर असेल तर बहुतेक सगळा खर्च तुमचा. १४,२५० च्या खाली असेल तर बचत धरत नाहीत, फक्त उत्पन्न बघतात. माणूस राहतो ते स्वतःचं घर या हिशोबात येत नाही. पण पुण्यातला बंद फ्लॅट, नाशिकची जमीन, बँकेतल्या एफडी, हे सगळं येतं आणि सांगावं लागतं. "इथे कुणाला कळणार" म्हणून लपवलं, किंवा तपासणीच्या तोंडावर मुलाच्या नावावर केलं, तर कौन्सिल ते अजूनही तुमचंच धरून हिशोब करू शकते.

पीआयपीचा मोबिलिटी भाग उत्पन्नात धरता येत नाही. बिल आल्यावर हे पहिलं तपासा.

काही कौन्सिल प्रत्येक फेरीला ठरावीक पैसे लावतात. गाडी प्लॅनमधल्या गरजेचा भाग असेल तर तो चार्जसुद्धा आर्थिक तपासणीच्या आतच यायला हवा, सगळे चार्ज कापल्यावर माणसाच्या हातात सरकारने ठरवलेली किमान रक्कम उरलीच पाहिजे. आणि सेंटरला जायचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल, मोबिलिटीच्या पैशांच्या वर, तर तो अपंगत्वामुळे होणारा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करून मागा. यात एक मेख आहे: कौन्सिलची स्वस्त गाडी देऊ केलेली असताना तुम्ही ती नाकारून टॅक्सी केलीत तर तो खर्च नाकारू शकतात. पावत्या ठेवा, बिस्किटाच्या डब्यात चालतील पण ठेवा.

टप्पा ८: गाडी सुरू व्हायच्या आधीचा आठवडा

व्हीलचेअर गाडीत बसण्यासाठी वापरायला योग्य आहे का ते तिच्या पुस्तिकेत बघा. बांधायच्या जागांवर हुकाचं छोटं चिन्ह असतं. ऑनलाइन स्वस्तात घेतलेल्या बऱ्याच घडीच्या खुर्च्यांवर ते नसतं, मग ड्रायव्हर नेणार नाही आणि त्याने नेऊही नये. एनएचएसच्या व्हीलचेअर सर्व्हिसकडे आधीच रेफरल मागून ठेवा, कारण तिथे रांग असते. मोबिलिटी स्कूटर असेल तर प्रवासात त्यावर बसून राहता येत नाही, सीटवर बसावं लागतं, ते जमतं का आधी करून बघा.

गाडीची वेळ कधीच एक नसते, "८:१५ ते ९:३० च्या मध्ये" अशी असते. सव्वा तास कोट घालून दारात उभं राहणं म्हाताऱ्या माणसाला जड जातं. आम्ही दाराजवळ हातांची एक खुर्ची ठेवली, टॉयलेट ८ वाजता, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी सेंटरला पोचल्यावर घ्यायची असं जीपीला विचारून ठरवलं. गाडीत दीड तास जाऊ शकतो कारण वाटेत इतरांना घेतात. मसुद्यात "सर्वांत जास्त इतका वेळ" लिहून घेता आलं तर घ्या.

गाडीच्या डेपोचा सकाळी ७ ला उचलणारा नंबर घ्या. कौन्सिलचा मुख्य नंबर साधारण ९ ला सुरू होतो, तोपर्यंत गाडी येऊन गेलेली असते.

थांबा: संध्याकाळी घरी घ्यायला कोणी नसेल तर गाडी बाबांना सोडणार नाही, परत नेईल. शेजारच्या एका माणसाचं नाव दुसरा पर्याय म्हणून लेखी द्या, आणि अर्थात त्या शेजाऱ्याला आधी विचारा.

टप्पा ९: नकार आला, किंवा चालू गाडी बंद केली

फोनवरचा नकार नकार नसतो. लेखी कारण मागा, आणि कौन्सिलची ट्रान्सपोर्ट पॉलिसी मागा. "आमची पॉलिसी आहे" एवढं पुरेसं नाही, या माणसाची गरज दुसऱ्या कुठल्या मार्गाने भागणार ते त्यांनी सांगायला हवं.

चालू असलेली गाडी नुसत्या पत्राने बंद करता येत नाही. आधी प्लॅनचा रिव्ह्यू (फेरतपासणी) व्हायला हवा, आणि त्यात माणसाशी आणि सांभाळणाऱ्याशी बोलायला हवं. असं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर द्या की रिव्ह्यू होईपर्यंत गाडी चालू ठेवा. तब्येत बिघडली किंवा घरातली परिस्थिती बदलली तर वर्षाच्या रिव्ह्यूची वाट बघू नका, कलम २७ खाली तुम्ही स्वतः मागू शकता.

त्यानंतर कौन्सिलकडे तक्रार. ३ कामाच्या दिवसांत पोच यायला हवी. उत्तराने समाधान नाही झालं तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था), फी नाही, वकील लागत नाही, पण गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत. तक्रारीत राग नको, तारखा हव्यात: कधी मागितलं, कधी उत्तर आलं, त्या दिवसापासून माणूस किती दिवस घरी बसून आहे. लिहायला मदत हवी असेल तर एज यूके किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांच्या जवळच्या ऑफिसात वही घेऊन जा.

बाबांची गाडी आता मंगळवार-गुरुवार येते, साधारण पावणेनऊला. एस्कॉर्ट बाई तीन पायऱ्या चढून वर येते, बाबा तिला "नमस्कार" म्हणतात आणि ती पण "नमस्कार" म्हणते, हे तिला त्यांनीच शिकवलं. वही अजून चालू आहे, कारण रिव्ह्यू मार्चमध्ये आहे.